फोन बंद ठेवता येत नाही, मग त्याचा ताण कमी कसा करायचा?

केळीपट्टा

राम राम मंडळी.

मोबाईल सोडा, असा सल्ला जो तो देतो. पण जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरात तो सोडून चालत नाही. केळीचा भाव ग्रुपवर येतो, कापणीची टोळी आणि गाडी कधी येणार ते फोनवर ठरतं, विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर (मोटार चालू-बंद करणारी, सिम घातलेली पेटी) फेज गेला की रात्री कॉल करतो, बँकेचा ओटीपी त्याच फोनवर आणि पोरांचे क्लासही त्यातच.

होतं असं की घरातला कर्ता माणूस रात्री साडेअकरापर्यंत फोन चाळतो, पहाटे डोळा उघडला की आधी हात उशाखाली जातो, आणि दिवसभर कोणी काही विचारलं की वसकन अंगावर येतो. बारावीचा मुलगा पुस्तक उघडून बसतो, पण चार-पाच मिनिटं झाली की स्क्रीन पेटवून बघतो.

विचारायचं हे की, याला व्यसन म्हणायचं का आणि ते ओळखायचं कसं? फोनमुळे ताण येतो की ताणातला माणूस फोन धरतो? आणि काम न अडता नेमकं काय बदलायचं? ‘मनावर ताबा ठेवा’ यापलीकडचं कोणी सांगितलं तर बरं होईल.

समुपदेशन_भुसावळ

दादा, व्यसन या शब्दापासून सुरुवात करू, कारण घरात भांडण त्याच शब्दावरून लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात गेमिंगचा विकार आहे, पण स्मार्टफोनचं व्यसन नावाचा आजार नाही. गेमिंगसाठीसुद्धा अटी कडक आहेत. खेळावर ताबा राहत नाही, खाणं-झोप-अभ्यास सगळं खेळाच्या मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असतं. तेव्हा फोन हातात जास्त दिसतो म्हणून कोणाला व्यसनी म्हणू नका. ‘फोनवाचून अडतंय’ एवढंच म्हणा, माणूस ऐकून तरी घेतो.

मोजायचंच असेल तर २०१३ साली दक्षिण कोरियात किशोरवयीन मुलांसाठी केलेली दहा विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला १ ते ६ गुण, म्हणजे एकूण १० ते ६०. मुलांचे ३१ च्या वर आणि मुलींचे ३३ च्या वर गेले की धोक्याकडे कल आहे असं धरतात. विधानं साधी आहेत: ठरलेलं काम फोनमुळे राहून जातं, मनगट किंवा मान दुखते, फोन जवळ नसला तर सहन होत नाही, ठरवल्यापेक्षा जास्त वेळ जातो, जवळचे लोक टोकतात. मोजमाप तिकडच्या पोरांवर बेतलेलं आहे, म्हणून आकडा परीक्षेच्या निकालासारखा वाचू नका. त्याच माणसाचा आकडा महिन्या-दीड महिन्यात वर जातो की खाली येतो, एवढंच त्यातून बघा.

आता ताण आधी की फोन आधी? दोन्ही बाजूंनी चालतं. काळजीतला माणूस फोन उचलतो, फोन झोप खातो, आणि कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तीच काळजी मोठी दिसते. मात्र नुसते तास मोजून ताण कळत नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्का डिजिटल वापराशी जोडता आला. म्हणून ‘पाच तास झाले’ या ओरडण्याला फार अर्थ नाही. त्या पाच तासांनी काय खाल्लं ते विचारा: झोप, अभ्यासाची सलग बैठक, की घरातलं बोलणं.

तुमच्या उदाहरणात मला वाट बघण्याचा ताण सगळ्यात मोठा वाटतो. केळीचा भाव दिवसातून एकदा निघतो. तो बघायला ग्रुप तीसदा उघडला तर एकोणतीस वेळा हाती काही लागत नाही. पण एकदा लागतं, आणि ते नेमकं कितव्या खेपेला लागेल हे ठाऊक नसतं, म्हणून अंगठा पुन्हा स्क्रीन खाली ओढतो. मटक्याच्या आकड्याच्या नादी लागलेल्या माणसाचं हेच होतं. त्यात भाव बघायला उघडलेल्या ग्रुपवर आधी कुठला तरी अपघात, कोणाचं तरी भांडण आणि वादळात आडव्या झालेल्या बागांचे फोटो डोळ्यांखालून जातात. भाव कळतो तो या सगळ्याच्या शेवटी. माणूस अंगावर येतो तो भावामुळेच असं नाही, या तीस फेऱ्यांमुळेही येतो.

सेटिंगला हात लावण्याआधी चार दिवस एक वही ठेवा. फोन उचलला की तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले, उचलण्याच्या क्षणी मनात काय होतं, ठेवताना कसं वाटलं. ‘भाव’, ‘कंटाळा’, ‘हप्ता आठवला’, ‘उगाच’, असा एकेक शब्द पुरतो. दर वेळी लिहिणं होत नाही, निम्म्या वेळा झालं तरी चालेल. फोन वाजला म्हणून किती वेळा उचलला आणि न वाजता किती वेळा, हे त्या वहीत स्वच्छ दिसतं. वाजून उचलला जात असेल तर सेटिंगने काम होतं. न वाजताच उचलला जात असेल तर फोनची जागा बदलावी लागते.

सेटिंगवाला_जळगाव

वरचं शेवटचं वाक्य धरून पुढे सांगतो.

भारतातल्याच स्मार्टफोन वापरणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो इथे चपखल बसतो. दोन आठवडे काही जणांना नोटिफिकेशन दिवसातून तीनदा गठ्ठ्याने दिले, काहींना दर तासाला, काहींना अजिबात दिले नाहीत. तीनदावाल्यांचा ताण उतरला, लक्ष लागू लागलं, फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटू लागलं. दर तासवाल्यांना तेवढा फायदा झाला नाही. आणि ज्यांचे पूर्ण बंद केले त्यांची बेचैनी उलट वाढली, काही चुकतंय असं वाटत राहिलं. म्हणून ‘सगळं बंद’ हा उपाय मी कोणाला सांगत नाही. फोनला दिवसातून तीन वेळा बांधून द्या. शेतीच्या दिवसात सकाळी चहाला, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला जमतं. तुमच्या बाजाराचा भाव निघतो त्याच्या अर्ध्या तासानंतरची वेळ यातली एक असू द्या, म्हणजे पहिल्याच खेपेला तो हाती लागेल.

आधी मोजणी. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा. मधल्या गोल आकड्यावर टॅप केलं की डॅशबोर्ड येतो. त्यात स्क्रीन टाइमच्या जागी ‘नोटिफिकेशन’ आणि ‘अनलॉक’ निवडून बघा. तासांपेक्षा हे दोन आकडे कामाचे आहेत. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात, सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत टाइप करा.

मग व्हॉट्सॲप. नव्वद टक्के आवाज तिथला असतो असं समजून चाला. भावाचा एक ग्रुप आणि घरचा एक ग्रुप सोडून बाकी सगळे ‘नेहमीसाठी’ म्यूट करा, आठ तासांसाठी करू नका. आठ तासांचं म्यूट रात्री केलं तर पहाटे उठून पुन्हा वाजायला लागतं. म्यूट केलेले ग्रुप आर्काइव्हमध्ये टाका आणि चॅट सेटिंगमधलं ‘आर्काइव्ह केलेल्या चॅट तशाच ठेवा’ चालू आहे का बघा. ते बंद असेल तर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर चढतो, आणि मग लोक म्हणतात की आर्काइव्हचा उपयोग नाही. कोणी तुमचं नाव टाकून मेसेज केला तर म्यूटमध्येही कळतं, त्यामुळे कामाचं काही बुडत नाही. भावाच्या ग्रुपला वेगळी ट्यून लावा, म्हणजे कानावरून कळतं की उठायचं की नाही. फोटो-व्हिडिओचं ऑटो डाउनलोड बंद करा. ‘शेवटचं पाहिलं’ आणि निळ्या खुणाही बंद केल्या तर ‘बघून उत्तर दिलं नाही’ ही टोचणी जाते, फक्त ग्रुपमध्ये निळ्या खुणा दिसतच राहतात.

रात्रीसाठी डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे डीएनडी, लावा, रात्री साडेनऊ ते सकाळी साडेपाच, रोज. त्यात कॉलसाठी ‘स्टार केलेले संपर्क’ एवढेच निवडा आणि ‘पुन्हा कॉल करणारे’ चालू ठेवा. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो, त्यामुळे अडीअडचणीचा कॉल अडत नाही. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. अलार्मला परवानगी आहे ना, ते तपासून घ्या.

स्टार्टरचं इथे हमखास चुकतं. स्टार्टरमधल्या सिमचा नंबर बहुतेकांनी सेव्हच केलेला नसतो, म्हणून डीएनडी लावल्या रात्री फेज गेल्याचा कॉल मुका होतो, मोटार बंद पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी डीएनडी कायमचं काढून टाकलं जातं. तो नंबर ‘विहीर’ म्हणून सेव्ह करा, स्टार द्या आणि दिवसा एकदा डीएनडी चालू करून, स्टार्टरवरून मुद्दाम कॉल आणवून वाजतो का ते पाहा. स्टार्टर कॉल न करता ॲपमधून सूचना देत असेल तर डीएनडीच्या ॲप यादीत त्याला परवानगी द्या, आणि त्या ॲपची बॅटरी सेटिंग ‘अनिर्बंध’ करा. नाहीतर बॅटरी वाचवायला फोनच ते ॲप झोपवतो.

ॲप टायमरवर फार भिस्त ठेवू नका. इन्स्टाग्रामला वीस मिनिटं लावली तरी दोन टॅपमध्ये टायमर काढता येतो, आणि तो रात्री बारा वाजता पुन्हा शून्यावर येतो. बाराला पाच कमी असताना माणूस थांबत असेल तर बारा वाजून एक मिनिटाने त्याला नवीन वीस मिनिटं मिळतात. टायमरचा पिन घरातल्या दुसऱ्या कोणाकडे राहील असं करायचं असेल तर मुलाच्या फोनला फॅमिली लिंक, म्हणजे पालकांनी मुलाचा फोन आवरायचं गूगलचं ॲप, लावा. यूट्यूबवर वॉच हिस्ट्री बंद करून जुनी पुसून टाकली की मुखपृष्ठावरच्या शिफारसी जातात. २०२३ पासून ही सोय आहे. तरी शॉर्ट्सचं बटण खाली राहतंच, त्याला दुसरं काही नाही, ॲप होम स्क्रीनवरून काढून ब्राउझरमध्ये शोधून बघायची सवय लावा. दोन पायऱ्या वाढल्या की न वाजता उचलण्याचं प्रमाण खाली येतं.

रात्री स्क्रीन राखाडी करणं मात्र जरूर करा. डिजिटल वेलबीइंगमधल्या बेडटाइम मोडमध्ये ‘ग्रेस्केल’ आहे. रंग गेला की रील्समधली अर्धी ओढ जाते.

अभ्यासिका_धुळे

मुलाबद्दल लिहिते. फोन टेबलावर पालथा ठेवून भागत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते: फोन टेबलावर, फोन खिशात किंवा पिशवीत, फोन दुसऱ्या खोलीत. सगळ्यांचेच आवाज बंद होते, तरी लक्ष आणि स्मरण लागणाऱ्या कामात दुसऱ्या खोलीवाले पुढे राहिले. नंतर इतरांनी केलेल्या सगळ्याच प्रयोगांत एवढा फरक निघाला नाही. तरी करून बघायला पैसा लागत नाही म्हणून मी हे आधी करायला सांगते.

पोरं फोनकडे वळतात ती बहुतेकदा अवघड गणित अडलं त्या क्षणाला. ‘फक्त सूत्र बघतो’ म्हणून उचलतात आणि पंचवीस मिनिटांनी ठेवतात. त्यासाठी वहीशेजारी एक कोरा कागद ठेवायचा. काय शोधायचंय, कोणाला काय विचारायचंय, अगदी मॅचचा स्कोअर बघायचाय, तेसुद्धा त्यावर लिहायचं आणि पुढचं गणित घ्यायचं. बैठक ५० मिनिटांची. तीन बैठका झाल्या की फोन घेऊन कागदावरचं सगळं एका दमात उरकायचं. निम्म्या ओळी तोवर नकोशा झालेल्या असतात, मुलाला ते स्वतःच दिसतं.

मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत फोन देऊ नका. रीलने सुरू झालेली दहा मिनिटं दहावर थांबत नाहीत, आणि पुढच्या बैठकीत डोकं तिथेच राहतं. पाणी पिणं, जिना उतरून चढणं, खिडकीतून लांबचं झाड बघणं चालेल. डोळ्यांसाठीही बरं, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघावं असं सांगतातच.

क्लासचे व्हिडिओ असतील तर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा आणि बघताना विमान मोड लावा. व्याख्यान चालू असताना वरून सरकणारी पट्टी हाच खरा त्रास आहे.

आणि ताई-दादांनो, फोन हिसकावून कपाटात टाकू नका. मित्राचा जुना हँडसेट घरात येतो आणि मग तो रात्री पांघरुणाखाली चालतो. मुलाशी बसून ठरवा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट, प्रत्येकी दिवसाला फक्त दहा मिनिटं, तीन आठवडे. एकटेपणा आणि उदासी दोन्ही कमी झाली. शून्य केलं नव्हतं, अर्धा तास दिला होता. मुलाला हा करार पटतो, फक्त वडिलांनीही जेवताना फोन बाजूला ठेवला पाहिजे.

केळीपट्टा

ताई, दादा, भाऊ, भरपूर मिळालं. दोन शंका राहिल्या. ‘फोन दुसऱ्या खोलीत’ हे थंडीत जमेल. चैत्र-वैशाखात आपल्याकडे घरदार गच्चीवर नाहीतर अंगणात झोपतं, तिथे खोली कुठली? आणि ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला असते तेव्हा स्टार्टरचा कॉल जवळ पाहिजेच. मग स्मार्टफोन उशाशी येतोच.

समुपदेशन_भुसावळ

लाईटचं उत्तर सेटिंगवाले भाऊ देतील. मधे एक गरजेचं सांगून ठेवते.

वसकन अंगावर येणं, झोप न लागणं हे दरवेळी फोनचं नसतं. कर्जाचा हप्ता, पडलेला भाव, घरातलं आजारपण यांची काळजी फोनच्या आड लपते, आणि आपण सेटिंग बदलत बसतो. दोन-तीन आठवडे फोन आवरूनही झोप येत नसेल, जेवण कमी झालं असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको असं बोलणं निघत असेल तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी असते. मुलगा गेमसाठी शाळा बुडवत असेल किंवा फोन काढला की वस्तू फेकत असेल तरीही तिथेच जा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून फक्त तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं, म्हणजे यासाठी डॉक्टरकडे जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि पहिले काही दिवस चिडचिड वाढेल, खिशात फोन थरथरल्याचा भास होईल. ते ठरलेलंच आहे, त्याला घाबरून तिसऱ्या दिवशी सोडू नका.

तापीकाठ

घरातल्या एकानेच वेळ बांधली आणि बाकी गाव रात्री दहाला ग्रुपवर बोलत राहिलं तर त्याला चैन पडत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये त्यावर तोड काढली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद होतात, साडेआठला दुसरा भोंगा. सगळ्यांचेच बंद, म्हणून आपलं काही चुकतंय असं कोणाला वाटत नाही. अख्खं गाव तयार होणं अवघड आहे भो, पण भावाच्या ग्रुपच्या ॲडमिनला धरा. भाव एका ठरलेल्या वेळी एकाच मेसेजमध्ये, आणि रात्री नऊ ते सकाळी सहा ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ असं ठेवायला लावा. दोनशे घरांचे फोन त्या एका बटणाने गप्प होतात.

सेटिंगवाला_जळगाव

गच्चीचा आणि लाईटचा उपाय एकच: बटणाचा साधा फोन. दुसरं सिम घेऊन त्यात टाका आणि तो नंबर स्टार्टरला नोंदवा. बहुतेक स्टार्टरमध्ये एकापेक्षा जास्त नंबर नोंदवता येतात, मेसेजने किंवा मेनूतून, पद्धत माहितीपुस्तिकेत असते. रात्री उशाशी हा फोन, त्यातच पहाटेचा अलार्म. स्मार्टफोन खाली घरात चार्जिंगला.

घेताना दोन गोष्टी बघा. जिओचं सिम टाकणार असाल तर हँडसेट फोरजीचाच घ्या, जिओचं टूजी नेटवर्क नाही, जुन्या टूजी फोनमध्ये ते चालणार नाही. आणि बँकेला जोडलेलं सिम स्मार्टफोनमधून काढू नका. यूपीआय त्या सिमशी आणि त्या हँडसेटशी बांधलेलं असतं, काढलं की पुन्हा नोंदणी करत बसावं लागतं.

स्मार्टफोन उशीखाली ठेवून चार्ज करणं तर कोणीच करू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, रात्रीही गच्ची तापलेली असते, आणि गादी-उशीत दाबलेल्या फोनची उष्णता बाहेर पडत नाही. बॅटरी फुगते ती अशीच. खाली फरशीवर, उघड्यावर, चार्जरसकट ठेवा. पहाटे बटणाच्या फोनचा अलार्म वाजला की जिना उतरून, तोंड धुऊन, चहा झाल्यावर स्मार्टफोन हातात घ्या, तोवर भाव निघालेला नसतोच.